पॉलिश पेपर, लाख आणि आत्याचा तंबोरा

बऱ्याच महिन्यांनी लिहायला बसलोय. निमित्त एका गिटारचं आहे. मला स्वतःला गिटार वाजवता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर घरची मंडळी हसायला लागतील.

गेल्या श्रावणात जोतिबावर गेलो होतो. नात्यातल्या लोकांना आत्याचं घर ठाऊकच आहे. इतरांसाठी सांगतो: जोतिबाचं देऊळ ज्या डोंगरावर आहे, त्या गावाचं नाव वाडी रत्नागिरी. कोल्हापूरहून पन्हाळ्याच्या अंगाला वीसेक किलोमीटर. आत्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. घरात आतेभाऊ, वहिनी आणि त्यांचा मुलगा असतो. मागच्या अंगणात पत्र्याची शेड आहे. तिथे पूर्वी म्हैस बांधत, आता आमचा पुतण्या गिटार बनवतो. डिप्लोमाची दोन वर्षं करून त्यानं तो सोडला. यावर घरात काय झालं असेल ते तुम्ही समजून घ्या. दादाचं एकच वाक्य ठरलेलं आहे, "देवाच्या दारात ऱ्हातोय, नारळ इकला असतास तरी पोट भरलं असतं." पोरगं ऐकून घेतं आणि पॉलिश पेपर उचलतं.

मी गेलो तेव्हा गिटार जवळजवळ तयार होती. मागची बाजू आणि कडा तुणाच्या लाकडाच्या, पुढची फळी परदेशी स्प्रूसची. दीड महिना तो नुसता घासत होता म्हणे. आधी ८० नंबरचा पेपर, मग १२०, १८०, २४०, ३२०. प्रत्येक पेपरनं आधीच्या पेपरचे ओरखडे काढायचे आणि स्वतःचे बारीक ओरखडे ठेवायचे, ते पुढच्यानं काढायचे. मधेच ओल्या फडक्यानं लाकूड पुसायचं, म्हणजे दबलेले तंतू उभे राहतात. वाळलं की पुन्हा घासायचं. बल्ब आडवा धरून बघायचं. वरून बघितलं तर काही दिसत नाही, आडव्या उजेडात मात्र सगळी पापं दिसतात. मी हात लावायला गेलो तर म्हणाला, "काका, दाबायचं नसतंय. पेपरला त्याचं काम करू द्या. आन् रेषेच्या आडवं न्हेऊ नका."

श्रावण षष्ठीच्या यात्रेच्या आदल्या दिवशी थोडी उघडीप मिळाली म्हणून त्यानं लॅकर मारायला घेतलं. स्प्रे गन, कॉम्प्रेसर, तोंडाला मास्क, सगळं व्यवस्थित. पहिला हात बसला आणि ती गिटार अशी काही उजळली की दादासुद्धा दारात येऊन उभा राहिला. दहा मिनिटांत डोंगरावर धुकं उतरलं. ज्यांनी श्रावणात जोतिबा पाहिलाय त्यांना माहीत आहे, तिथे धुकं येतं म्हणजे दारातून घरात येतं. आणि आमच्या डोळ्यांदेखत त्या चकचकीत पृष्ठभागावर दुधाची साय धरावी तसा पांढरा पडदा चढला. लॅकरमधला थिनर भराभर उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो आणि दमट हवेतलं पाणी त्याच्यात जाऊन बसतं. हे मला त्यानंच सांगितलं, रडवेल्या आवाजात. दुसऱ्या दिवशी यात्रा. गुलाल. शेडचं दार बंद होतं तरी पत्र्याच्या फटींतून तो आत आलाच. संध्याकाळी बघतो तर पुरतं न सुकलेल्या त्या पांढऱ्या पडद्यावर गुलाबी ठिपके!

दादा काही बोलला नाही. मला वाटतं, बोलला असता तर बरं झालं असतं.

मी त्या रात्री पोराला धीर देण्यासाठी माझी स्वतःची गोष्ट सांगितली. ती आजवर फार थोड्यांना सांगितली आहे. आत्या हयात असेतो तर अगदी कुणालाच नाही.

आत्याकडे मिरजेचा तंबोरा होता. १९६२ साली तिच्या सासऱ्यांनी मिरजेहून आणलेला. एसटीच्या टपावर नको म्हणून ते तो मांडीवर घेऊन बसले, आणि पायथ्यापासून एका गड्याच्या डोक्यावरून वर आणला, असं घरात सांगतात. आत्या भजनं म्हणायची. मोठी गायिका वगैरे नव्हे, पण तंबोरा लावायची तो मात्र असा, की ऐकणारा बोलायचा थांबत असे. म्हातारपणी तिला तो उचलेना, तेव्हा तिनं तो माझ्याकडे पुण्याला पाठवला. मी २००६ साली हौसेनं त्याचं 'काम' करून घेतलं. घरी कपाटांना पॉलिश करायला माणूस आला होता. म्हटलं, याच्यावरूनही हात मारून द्या. त्यानं मन लावून केलं हो. जुनं काळपट पॉलिश खरवडून काढलं, वर जाड चकचकीत थर चढवला, भोपळ्यात तोंड दिसायला लागलं. आणि तारांखालची घोडी ओबडधोबड दिसत होती म्हणून पॉलिश पेपरनं तीही घासून सपाट करून दिली.

दिवाळीला आत्या आली. तारेवर बोट ठेवलं. पुन्हा ठेवलं. मग म्हणाली, "ह्याचा आवाज कुठं गेला रे?"

मी म्हटलं, तारा जुन्या झाल्या असतील.

पुढे तो तंबोरा घेऊन मी मिरजेला गेलो, तेव्हा आत्या राहिली नव्हती. सतारमेकर गल्लीत एका वयस्कर कारागिरानं खोळ काढली, घोडीवरून अंगठा फिरवला आणि एवढंच विचारलं, "कुणी घासली?" त्यांच्या स्वरात राग नव्हता. डॉक्टर विचारतो तसं विचारलं. त्यानंतर तीन तास मी तिथे बसलो, आणि पुढे जे काही वाचलं, विचारलं, त्याची सुरुवात त्या तीन तासांतली.

तंबोऱ्याची घोडी चपटी दिसते, पण ती सपाट नसते. तिला अगदी थोडा उतार असतो, डोळ्यानं न कळणारा. तार त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते आणि त्यातून तो गुंजणारा, मधमाशीसारखा नाद येतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून ती जागा नेमकी पकडतात. हीच जवारी. ती काढतात कशानं? कानशीनं आणि बारीक पॉलिश पेपरनं! म्हणजे ज्या वस्तूनं माझ्या माणसानं आवाज घालवला, त्याच वस्तूनं मिरजेचा माणूस तो आणतो. दोन हात घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा अर्धा हात. ते काका कान तारेशी नेऊन ऐकत होते आणि बोटांनी घासत होते. डोळ्यांचं काम जवळजवळ नव्हतंच.

आता मिरजेला हे लोक आले कुठून? वाद्यं करणाऱ्यांचा परंपरागत धंदा सुतारकीचा असेल असं मी धरून चाललो होतो. तसं नाही. मिरजेचे सतारमेकर हे मूळचे शिकलगार. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले, सुऱ्या यांना धार आणि पाणी देणारे. शब्दाच्या पोटात अरबी-फारसी 'सैकल' आहे, त्याचा अर्थच घासून चकाकी आणणं. पेशवाई होती, पटवर्धनांच्या फौजा होत्या, तोवर मिरजेत या हातांना काम होतं. १८१८ साली पेशवाई गेली. संस्थानं उरली, पण लढाया उरल्या नाहीत. तलवार दसऱ्याला पूजेपुरती बाहेर निघायची. पुढे १८७८ च्या हत्यारबंदीच्या कायद्यानं तर हत्यार बाळगायलाच परवाना लागायला लागला.

पण मिरजेच्या संस्थानात गाणं होतं. उत्तरेतून गवई-वादक यायचे, त्यांची वाद्यं वाटेत मोडायची, आणि दुरुस्त करणारं इथं कुणी नव्हतं. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ मोहिनुद्दीन या शिकलगार भावांनी ही दुरुस्ती हाती घेतली, उघडून बघितली, शिकले आणि मग स्वतः वाद्यं करू लागले. मिरजेतल्या आजच्या सतारमेकर घराण्यांची सुरुवात तिथून सांगतात. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा, लाकूड तुणाचं, चिकटवायला सरस, वर लाखेचं पॉलिश. यातलं लाकूडकाम त्यांना नव्यानं शिकावं लागलं असणार. पण आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक असं घासत जाणं, किती घासल्यावर थांबायचं हे बोटांना कळणं, हे ते घेऊनच आले होते. निदान माझा तरी असा समज आहे. पात्याची धार आणि घोडीचा उतार, दोन्हीकडे एक हात जास्त पडला की वस्तू वाया.

जोतिबाचा या सगळ्याशी काय संबंध, असं विचाराल तर एक धागा आहे, थोडा लांबचा. जोतिबाचं आजचं मुख्य देऊळ १७३० साली राणोजी शिंद्यांनी बांधलं असं सांगतात. जोतिबा शिंद्यांचं कुलदैवत. शिंदे पुढे ग्वाल्हेरला गेले, आणि ग्वाल्हेरला ख्यालगायकीचं जे घराणं फुललं त्याची तालीम बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी दक्षिणेत आणली. बुवा मिरजेला असताना कुरुंदवाडचा एक मुलगा त्यांच्याकडे शिकायला आला. फटाक्यानं त्याचे डोळे अधू झाले होते. तो मुलगा म्हणजे विष्णु दिगंबर पलुसकर. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं दरबारातून वर्गात आलं. वर्ग म्हटला की एक तंबोरा पुरत नाही. मिरजेच्या गल्लीला याचा किती फायदा झाला याचा हिशेब कुणी ठेवलेला माझ्या पाहण्यात नाही, पण झाला नसेल असं कसं म्हणावं?

मग अब्दुल करीम खाँसाहेब. जन्म उत्तरेत कैराण्याचा, पण ते राहिले मिरजेला. १९३७ साली मद्रासकडे दौऱ्यावर असताना वाटेत एका लहानशा स्टेशनावर त्यांनी देह ठेवला, आणि त्यांना आणलं मिरजेलाच. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. उरुसात तिथे अजून गाणं होतं. एकदा तरी जाऊन ऐकावं.

खाँसाहेबांवरून लाखेकडे येतो, कारण ती गोष्ट मला फार आवडते. लाख ही पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर बसणाऱ्या बारीकशा किड्यांची राळ. महाभारतातलं लाक्षागृह याच लाखेचं. आमच्या कोकणात सावंतवाडीला लाकडी खेळण्यांवर जो रंग चढतो तोही लाखेचा. सुतार ज्याला चपडा म्हणतात तो म्हणजे ही लाख साफ करून, वितळवून, पातळ पापुद्रे काढलेली. स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाभोवती सुती फडकं गुंडाळून बोळा करायचा, आणि लाकडावरून फिरवत राहायचं. एकेक थर इतका पातळ की दहा-वीस हात मारल्याशिवाय काही दिसतच नाही. मिरजेच्या काकांनी सांगितलं, पॉलिश लाकडाला पाजायचं असतं, पांघरायचं नसतं. माझ्या पुण्याच्या माणसानं रजई पांघरली होती. तबली हलली नाही तर आवाज येणार कुठून? घोडी बिघडली होतीच, वर हे ओझं.

तर तंबोऱ्यावर लाख होती. आणि खाँसाहेबांच्या ज्या तबकड्या निघाल्या, त्या कशाच्या? लाखेच्याच. ७८ च्या जुन्या तबकड्या म्हणजे दगडाची भुकटी, काजळी आणि त्यांना धरून ठेवायला लाख. म्हणूनच त्या पडल्या की खापरीसारख्या फुटत. लहानपणी भीमसेन जोशींनी खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि त्यांना गाण्याचं वेड लागलं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मिरजेच्या तंबोऱ्याचा नाद, पळसावरच्या किड्याच्या राळेत कोरून, गदगच्या एका पोरापर्यंत पोचला. (हे वाक्य मी जरा अलंकारिक केलंय, पण खोटं काहीच नाही.)

आणि पुतण्याच्या स्प्रे गनमध्ये जे होतं ते? 'लॅकर' हा शब्द आपल्या लाखेचाच. फारसी, अरबी, पोर्तुगीज अशी घरं फिरत तो इंग्रजीत गेला आणि तिथून पत्र्याच्या डब्यात बसून आपल्याकडे परत आला. डब्यात मात्र लाख नाही. त्यात आहे नायट्रोसेल्युलोज, म्हणजे कापसासारख्या वस्तूवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून केलेला पदार्थ, बंदुकीच्या बिनधुराच्या दारूचा सख्खा भाऊ. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत याचे प्रचंड कारखाने उभे राहिले. १९१८ साली युद्ध संपलं आणि एवढ्या दारूचं करायचं काय हा प्रश्न पडला. ड्युपाँ कंपनीनं १९२३ साली त्यातून 'ड्युको' नावाचा मोटारींचा रंग काढला. आधी एक मोटार रंगवून सुकवायला आठवडे लागत, ते काम खूपच लवकर व्हायला लागलं. त्याच दशकात तिकडचे गिटार बनवणारेही लाखेचा बोळा ठेवून हे लॅकर फवारायला लागले.

हे मी वाचलं तेव्हा मला एकदम शिकलगार आठवले. लढाई संपल्यावर रिकामी झालेली दोन माणसं, एक मिरजेतलं आणि एक अमेरिकेतलं, आणि दोघंही येऊन टेकली वाद्याशीच. फरक एवढाच की एकाकडे यंत्र होतं आणि एकाकडे अंगठा. पुतण्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग ह्या दारूचा बार माझ्याच गिटारीवर उडायचा हुता व्हय?" हसला तरी. तेवढ्यासाठी रात्र घालवली ती सार्थकी लागली.

दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन मिरजेला गेलो. सोबत ती पांढरी-गुलाबी गिटार, चादरीत गुंडाळलेली. ज्या काकांनी तंबोरा नीट केला ते आता दुकानात क्वचित बसतात. त्यांचा मुलगा बसतो. नातू बंगळुरात नोकरीला आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याबद्दल विचारलं तर मुलगा म्हणाला, चांगलं झालं, नाव राहील, पण घासायला पोरं मिळत नाहीत. बाकी सगळं शिकायला पोरं तयार असतात, घासायला कुणी बसत नाही.

आमच्या पोरानं मान खाली घातली होती. काकांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, सतार घेतात तशी. पुढच्या फळीवर टिचकी मारली, कानाशी धरली, परत टिचकी मारली. म्हणाले, "लाकूड बोलतंय." मग त्या सायीवरून अंगठा फिरवला. "थिनरचा हात दिलास तर हे जाईल पण. पण गुलाल आत बसलाय. काढायचंच असलं तर दसऱ्यानंतर काढ. हवा कोरडी होऊ दे. मशीन राहू दे, बोळ्यानं कर." आणि थोडं थांबून, "घाई कुणाला हाय?"

घाई दादाला आहे, हे मी बोललो नाही.

दसरा झाला, कोजागिरी झाली, आणि मी पुन्हा वर गेलो. डोंगरावर स्वच्छ ऊन, खाली सगळा मुलूख दिसत होता. शेडमध्ये पोरगं बसलं होतं. सगळं लॅकर त्यानं घासून उतरवलं होतं, परत नागव्या लाकडापर्यंत. कडांजवळ फार जपावं लागतं म्हणाला, तिथे पेपर पटकन आरपार जातो आणि लाकूड खातो. पुढच्या फळीवर एका कोपऱ्यात रेषेच्या आत दोन-तीन गुलाबी कण राहिले होते. ते काढायचे तर फळी पातळ होईल, म्हणून सोडून दिले. चपडा स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घातला होता. काचेच्या बरणीत मधासारखा दिसत होता. दादा बोळ्यासाठी आत्याचं जुनं सुती लुगडं फाडून देत होता. मी बघतोय हे कळल्यावर म्हणाला, "वहिनीनं काढून ठेवलं हुतं, पडूनच हुतं की." मी काही विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, मला पण एक बोळा दे. पोरानं माझ्याकडे बघितलं, मग कोपऱ्यात उभ्या केलेल्या आत्याच्या तंबोऱ्याकडे बघितलं. तो आता परत डोंगरावरच असतो. मग म्हणाला, "काका, तुम्ही मागची बाजू करा. पुढची मी करतो."